एप्रिल आला की चिमणीची पेटी ओस का पडते?

फेब्रुवारीत चिमणा पेटीच्या तोंडाशी बसून घसा फोडत असतो. चिमणी काड्या ओढते, कापूस आणते, भांडते. आपण फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो. मग एप्रिल अर्धा सरतो आणि एके दिवशी लक्षात येतं की दोन-तीन दिवस तिथून आवाजच नाही. पेटी उघडावी तर आत वाळलेली पिल्लं, नाहीतर सोडून दिलेली, गार पडलेली अंडी. गार म्हणायची आपली, त्या उन्हात गार काहीच नसतं.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी हे लागोपाठ तीन उन्हाळे झालं. पहिल्या वर्षी मी शेजारच्या बोक्यावर खापर फोडलं, दुसऱ्या वर्षी साळुंक्यांवर. तिसऱ्या वर्षी पेटीखाली एक पिल्लू सापडलं. पंखांची नुसती नळकांडी फुटलेली, म्हणजे ते उडायला निघालेलं नव्हतं. ते आतून पळालं होतं. त्या दुपारी चार वाजता शिडी लावून मी पेटीत हात घातला आणि लगेच मागे घेतला. दुसऱ्या दिवशी फ्रिजचं तापमान बघायचा वायरवाला छोटा थर्मामीटर आत सोडला.

शेजारचे काका फाटकातून म्हणाले, "अहो वहिनी, भर उन्हात शिडीवर काय करलालाव?"

"चिमणीच्या घराचा ताप बघतेय."

"मग, किती निघाला?"

"सत्तेचाळीस."

"दवाखान्यात न्या की मग!"

काकांच्या घराच्या सावलीत त्या वेळी 41 होतं. म्हणजे आमची पेटी बाहेरच्या हवेपेक्षा सहा अंशांनी जास्त तापली होती. बोका बिचारा उगाच शिव्या खात होता.

दोष कुठे होता

पेटी चांगली दिसत होती, हे आधी सांगते. पातळ प्लायची, गडद हिरवा ऑइलपेंट, वर पत्र्याचं उतरतं छप्पर, तोंडाशी बसायला छोटी दांडी. लावली होती पश्चिमेच्या भिंतीवर, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीच भिंत दिसते. थोडक्यात, मला बघायला सोयीची होती.

पश्चिमेची भिंत दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन पिते आणि रात्री नऊ-दहापर्यंत ते ओकत राहते. पेटी तिला पाठ चिकटवून बसलेली, म्हणजे समोरून ऊन आणि मागून भिंतीची धग. चार-सहा मिलिमीटरच्या प्लायला ही उष्णता अडवता येत नाही. गडद रंग ती आणखी ओढून घेतो. वर पत्रा. आत गेलेली गरम हवा बाहेर पडायला फक्त एक भोक, तेही अर्ध्या उंचीवर, त्यामुळे छताखालची हवा तिथेच कोंडलेली. अशा डब्यात चार पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली. पिल्लांना घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं एवढाच त्यांचा उपाय, आणि त्यात अंगातलं पाणी जातं. ते पाणी भरून निघतं ते आई-बापांनी आणलेल्या अळ्यांतून. भर दुपारी अळ्या मिळत नाहीत.

दुसरा दोष तारखेचा. 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो आणि त्या दिवशी पेट्या वाटल्या जातात. हेतू चांगला आहे, पण सोलापूरचं गणित मांडून बघा. 20 मार्चला पेटी लागली. जोडीला ती पटायला आठ-दहा दिवस. रोज एक अशी चार अंडी घालून होईपर्यंत एप्रिलचा पहिला आठवडा. उबवायला साधारण बारा दिवस, मग पिल्लं पेटीत आणखी पंधरा दिवस. म्हणजे पिल्लं अंड्यातून बाहेर येतात ती एप्रिलच्या मध्यावर आणि उडतात मेच्या तोंडावर. आपल्याकडे बाहेरचा पारा चाळिशीच्या खाली यायला तयार नसतो नेमके ते दिवस. चिमणीला वर्षभर कधीही वीण चालते, पावसाळ्यातही. त्यामुळे पेटी दिवाळीच्या आत लावा. जोडी ती डिसेंबर-जानेवारीत हेरून ठेवते आणि पहिली पिल्लं मार्चमध्येच उडून जातात. माझा आता सरळ नियम आहे, 20 मार्चला मिळालेली पेटी माळ्यावर ठेवायची आणि ऑगस्टमध्ये काढायची.

माझ्या माहेरी, साखर पेठेतल्या जुन्या घराला माळवद होतं. जाड मातीचं छत, खाली लाकडी तुळया, तुळई आणि भिंत यांच्या सांध्यात चिमण्यांची घरटी. आई पाटावर बसून तांदूळ निवडायची आणि वरून काडी पडली की न बघता बाजूला टाकायची. तिथे मे महिन्यातही पिल्लं जगत होती, कारण फूटभर मातीखाली दुपार पोहोचतच नव्हती. आता स्लॅब, काच, पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग. आपण चिमणीला पेटी देतो तेव्हा त्या सांध्याची भरपाई करत असतो. मग पेटीला त्या सांध्याचा गुण नको?

दुरुस्ती

आधी जागा. पेटी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, सज्जाखाली किंवा जिन्याच्या छताखाली हलवा. सकाळचं ऊन तासभर लागलं तर चालतं. अकरानंतर एक किरणही नको. कुठली भिंत याचा अंदाज नकाशावरून बांधू नका. तीन दिवस दुपारी दोन, चार आणि सहा वाजता त्या जागी तळहात टेकवून बघा. सहा वाजता भिंत हाताला उबदार लागली तर ती जागा सोडा. आमची उत्तरेची भिंत याच परीक्षेत नापास झाली, कारण समोरच्या घराच्या काचांवरून ऊन उसळून तिच्यावर येत होतं. शेवटी पेटी गेली पूर्वेच्या सज्जाखाली, पाण्याच्या मोटारीच्या वर. मोटार चालू झाली की घरघर होते, चिमण्यांना त्याचं काही नाही.

उंची आठ ते दहा फूट पुरते. पेटी तारेला लोंबकळत ठेवू नका, वळवाच्या वाऱ्यात ती घड्याळाच्या लंबकासारखी हलते. भिंतीत ड्रिल मारून गिट्टी (स्क्रू धरणारी छोटी नळी) ठोका आणि स्क्रूने आवळा. पण भिंत आणि पेटीची पाठ यांत दोन लाकडी चिपा घालून बोटभर फट सोडा. ही फट फार कामाची, भिंतीची धग तिथेच अडते.

मग पेटी. नवी करून घेणार असाल तर सुताराला पाऊण इंची लाकूड सांगा. जुन्या चौकटीचं, खोक्याचं, काहीही चालेल. तळ पाच इंच चौरस, भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत पाच इंच खोली, छप्पर पुढे दोन-अडीच इंच आलेलं. दोन्ही बाजूंच्या फळ्या छतापासून अर्धा सेंटिमीटर खाली संपल्या पाहिजेत, तीच गरम हवेची वाट. तळाला कोपऱ्यांत चार बारीक भोकं. दांडी नको. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र बसून आत डोकावायची सोय होते. आतून रंग, पॉलिश काही नको. बाहेरून चुना किंवा पांढरा रंग, तोही लावण्याआधी महिनाभर वाळलेला.

जुनी पातळ पेटीच वापरायची असेल तर तिच्या छतावर दुसरं छत चढवा. दोन्हींच्या मध्ये पाऊण इंचाचे ठोकळे ठेवायचे, म्हणजे वरचं तापतं आणि मधली हवा वाहती राहते. आम्ही हे केलं, पेटी पूर्वेला नेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये तोच थर्मामीटर सोडला. आतलं तापमान बाहेरच्या सावलीपेक्षा अंशभरच जास्त निघालं.

आत्ता पिल्लं आत असतील आणि एप्रिल चालू असेल तर पेटी हलवू नका. दोन मीटर सरकवली तरी आई-बाप जुन्याच जागी घिरट्या घालतात. त्याऐवजी सकाळी सहा-साडेसहाला, पाच मिनिटांत, पेटीच्या पश्चिम बाजूला हातभर अंतर सोडून गोणपाट किंवा शेडनेट टांगा. भोकासमोरची वाट मोकळी ठेवा. गोणपाट ओलं करायचा मोह होतो, पण पाणी पेटीवर झिरपू देऊ नका, ओलसर घरट्यात किडे होतात. बिनपिसांचं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर उचलून पेटीत ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, ही नुसती समजूत आहे. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं.

गाडग्याची गोष्ट

लाकडापेक्षा मला मातीचं गाडगं जास्त आवडतं, आणि स्वस्तही पडतं. पहिल्यांदा मी बाजारातून तयार गाडगं आणलं आणि ड्रिलने भोक पाडायला गेले. दुसऱ्याच मिनिटाला तडा. कुंभाराकडे तक्रार घेऊन गेले तर त्याने मलाच विचारलं, "भाजलेल्याला भोक पाडतंय का कुणी? कच्च्यात सांगायचं." मग त्याने चाकावरून उतरवलेल्या ओल्या गाडग्याला माझ्यासमोर तारेने गोल कापला, कड बोटाने ओली करून फिरवली आणि विचारलं, "एवढं?" मी पर्समधून दहा रुपयांचं नाणं काढून त्या भोकात धरलं. नाणं 27 मिलिमीटरचं असतं. चिमणीला 32 लागतात, म्हणजे नाणं सगळीकडून जरासं सैल फिरलं पाहिजे. कुंभाराने हसून थोडं मोठंच ठेवलं, कारण माती वाळताना आणि भाजताना आकसते. ते त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

गाडगं आडवं ठेवायचं, मूळ तोंड लाकडी चकतीने बंद करून, म्हणजे साफ करायला उघडता येतं. पण हे सगळं सावलीत. उन्हात टांगलेलं गाडगं प्लायच्या पेटीपेक्षा बरं, या भ्रमात राहू नका. मातीचं भांडं गार राहतं ते आत पाणी असतं म्हणून. कोरडं गाडगं उन्हात तव्यासारखं तापतं.

ऊन नसूनही पेटी बिघडत असेल तर

साळुंकी शिरत असेल तर भोक मोठं आहे. तयार पेट्यांची भोकं बऱ्याचदा दीड-दोन इंचांची असतात. प्लायच्या तुकड्याला होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) 32 मिलिमीटरचं भोक पाडून तो तुकडा पुढून स्क्रूने बसवा, अर्ध्या तासाचं काम. साळुंकीवर राग नसेल तर तिला आणि दयाळाला वेगळी, मोठ्या भोकाची पेटी द्या. दयाळ सकाळी गातो तेवढ्याने भाडं फिटतं.

आत नारळाच्या काथ्याचा गच्च गोळा दिसला तर ती खार आहे. तिला काढू नका, दुसरी पेटी लावा.

मुंग्या हा उन्हाळ्यातला मोठा शत्रू. लाल मुंग्या एका रात्रीत घरटं संपवतात. पेटी ज्या ब्रॅकेटवर आहे त्याच्या दांड्यावर, पेटीपासून दूर, ग्रीसचा दोन बोटं रुंद पट्टा द्या. पेटीला किंवा भोकाला तेल-ग्रीस लावू नका, पिसांना चिकटतं. कीटकनाशकाचा फवारा तर अजिबात नको.

आता आपल्या सोलापुरातलं खास दुखणं. सूत. पूर्व भागात, मागांच्या आसपास ज्यांची घरं आहेत त्यांनी हे नक्की बघा. चिमण्यांना चादरी-टॉवेलांच्या कारखान्याबाहेर पडलेलं सूत फार आवडतं, मऊ आणि फुकट. साखर पेठेतल्या पेटीतून मी एक पिल्लू सोडवलं होतं. पायाला लाल धागा सात-आठ वेढे, पाय सुजून काळसर पडलेला. भावंडं उडून गेली आणि हे घरट्याला बांधलेलं राहिलं. नखं कापायच्या कात्रीने एकेक वेढा कापला. पाय वाचला की नाही कळलं नाही, उडालं एवढं खरं. तेव्हापासून आम्ही जाळीच्या पिशवीत काथ्याचे आणि वाळल्या गवताचे बोटभर तुकडे कापून जवळच टांगतो. सूत वेचायला चिमणी तरीही जाते, पण कमी. पिल्लं आठवड्याची झाली की एकदा आरशाने आत बघावं, पायाला धागा आहे का. संक्रांतीनंतर गच्चीवर उरलेला मांजाही गोळा करा, गड्ड्याची जत्रा संपली तरी तो झाडांवर असतोच.

चिमण्या येऊन बघतात आणि राहत नाहीत, ही तक्रारही नेहमीची. एकटी पेटी त्यांना आवडत नाही, त्या वस्तीने राहणाऱ्या. दोन-तीन पेट्या हातभर अंतराने लावा. आणि खाली खायला काय आहे ते बघा. आपण तांदळाच्या कण्या टाकतो, त्या मोठ्यांना चालतात. पिल्लांना अळ्या-किडे लागतात आणि ते पेव्हर ब्लॉकवर उगवत नाहीत. एक मेंदीचं कुंपण, एक कढीपत्ता, एक कोपरा न झाडलेला. पाण्याचं पसरट भांडं सावलीत, दोन बोटं खोल. नळ रोज येत नाही हे मलाही माहीत आहे, पण भाज्या धुतलेलं पाणी चालतं.

बुलबुलासाठी, शिंजीरासाठी पेटी लावून वाट बघत असाल तर थांबा. बुलबुल उघडी वाटी विणतो, शिंजीर लोंबती थैली, शिंपी पानं शिवतो. यातलं कुणी पेटीत शिरणार नाही. तांबट आपलं भोक स्वतः कोरतो. त्याच्यासाठी शेवग्याची वाळलेली फांदी छाटायची नाही, एवढंच करायचं. पिंगळ्याला, म्हणजे छोट्या घुबडाला, मात्र पेटी चालते, तीन इंची भोकाची, जुन्या कडुलिंबावर उंच. ओरडला की अशुभ म्हणणारे भेटतील. ज्याच्या दारात पहाटे कुडमुडं वाजवत पिंगळा जोशी येऊन भविष्य सांगून जायचा त्या गावाने या पक्ष्याला घाबरावं, हे मला कधी कळलं नाही.

वटवाघळांची पेटी

ही वेगळी चीज आहे आणि इथे मी पूर्ण चुकले होते. फळं खाणारी मोठी वटवाघळं वड-पिंपळावर उघडी टांगून राहतात, पेटीत येत नाहीत. पेटी असते ती डास-पतंग खाणाऱ्या अंगठ्याएवढ्या वटवाघळांसाठी. पेटीला तळ नसतो, दोन फळ्यांमध्ये पाऊण ते एक इंचाची उभी फट असते, आत करवतीने आडवे ओरखडे काढलेले असतात आणि खाली टेकायला फळीचा चार-पाच इंच पुढे आलेला भाग.

थंड देशांतल्या सूचनांत लिहिलेलं असतं, गडद रंग द्या, दिवसातून सहा-सात तास ऊन लागू द्या. तिथे पिल्लांना ऊब हवी असते. मी त्या शब्दशः पाळल्या. काळी पेटी, दक्षिणेची भिंत. सोलापुरात! दोन वर्षं तिथे पालसुद्धा फिरकली नाही. सूचना उलट्या करा. पांढरा रंग, पूर्वेची भिंत, वर सज्जा, फट दोन-तीन पदरी आणि पेटी दोन फूट उंच, म्हणजे तापलं की प्राणी खाली सरकू शकतो. जमिनीपासून उंची किमान बारा-चौदा फूट. उडून निघताना वटवाघळं आधी सरळ खाली पडतात आणि मग पंख उघडतात, म्हणून पेटीखाली वायर, वेल, फांदी नको. झाडापेक्षा भिंत बरी. जवळ रात्रभर जळणारा दिवा असेल तर आशा सोडा.

जागा ठरवण्याआधी संध्याकाळी सात वाजता गच्चीत उभं राहून बघा, तुमच्या गल्लीत ती कुठून निघतात. आमच्याकडे एका बंद दुकानाच्या पाटीमागून निघत होती. पेटी त्या वाटेवर लावली तर शक्यता वाढते. तरीही वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका, चावलं तर रेबीजची लस घ्यावी लागते. टॉवेलने खोक्यात सरकवा आणि वनविभागाला कळवा.

आत कुणी आहे का हे बघायला बॅटरी मारू नका. खालची फरशी बघा. तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या पडल्या असतील तर त्या काडीने चुरडा. वटवाघळाच्या असतील तर भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे चकाकतात. उंदराच्या असतील तर तशाच कडक राहतात. झाडताना तोंडाला फडकं बांधा. मी पेटी पूर्वेला नेल्यापासून रोज सकाळी झाडण्याआधी वाकून बघते. आतापर्यंत दोनदा लेंड्या सापडल्या. पहिल्या उंदराच्या निघाल्या.